एक हिशेब, चार हात



नाचणगावच्या कपाशीचा हिशेब काही देवळीच्या हिशेबासाठी अडून राहत नाही. आजच्या साध्या संगणकातही हिशेब करणारे चार-चार गाभे असतात. त्यांना गावं वाटून दिली, की सारे एकदम कामाला लागतात. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत ही सोय २०११ पासून अंगचीच आहे. मात्र वाटपालाही वेळ लागतो. थोडकं काम एकट्यानंच उरकावं.

एकाच गावाचे तुकडे पाडलेत, तर सरासऱ्यांची सरासरी काढू नका. समजा, १० एकरांत एकरी ४ क्विंटल पिकलं आणि ९० एकरांत ८. तर गावाची सरासरी ६ नव्हे, ७.६! म्हणून प्रत्येक गाभ्याकडून एकूण क्विंटल आणि एकूण एकर मागवा. भागाकार शेवटी एकदाच करा. पीकविम्याची भरपाई मुख्यतः सरासरी उत्पन्नावर ठरते. वेग हवा, पण खरेपणा राखून.