गोलरक्षकाचे स्थान
(सदर, नागपूर येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वानांचे व दानशूरांचे गुणगान होते. आज आम्ही एका खेळाडूची कथा सांगण्यास उभे आहोत. त्यात आमचा थोडा स्वार्थही आहे. तो शेवटी उघड करू.

फुटबॉलमध्ये आघाडीच्या गड्याने दहा संधी दवडल्या आणि अकराव्या वेळी गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. गोलरक्षकाने दहा चेंडू अडविले आणि अकरावा सुटला, तर घरी जाताना सर्वांच्या तोंडी तो अकरावाच असतो. चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी चौकट एकट्याने राखावयाची, आणि बारा यार्डांवरून येणाऱ्या पेनल्टीसमोर निःशंक उभे राहावयाचे, हे काम सोपे नव्हे.

गोव्यातील ताळगावचे श्री. ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी हे काम आयुष्यभर केले. १९५४ साली जन्मलेल्या या खेळाडूच्या कारकीर्दीचा मोठा भाग साळगावकर संघात गेला. देशात राष्ट्रीय लीग सुरू झाली ती १९९६ साली; त्यापूर्वीच्या त्या काळात या खेळात पैसा थोडा आणि निष्ठाच अधिक होती. १९८२-८३ मध्ये गोव्याने संतोष करंडक बंगालसमवेत विभागून मिळविला आणि १९८३-८४ मध्ये तो स्वबळावर जिंकला. त्या दुसऱ्या विजयात गोव्याने एकही गोल होऊ दिला नाही. १९८३ ते १९८६ या काळात भारताचे कर्णधारपद त्यांच्याकडे होते. १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ ची पद्मश्री हे सन्मान खेळाचे दिवस सरल्यावर आले. मैदान सोडल्यावरही ते खेळापासून दूर गेले नाहीत. गोवा फुटबॉल विकास परिषदेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी लहान मुलांच्या प्रशिक्षणाची धुरा वाहिली. स्वतःची चौकट राखणारा मनुष्य पुढे इतरांच्या मुलांसाठी राबला, हे आम्हांस विशेष वाटते.

दूर कशाला, आपल्या नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळणारी मुले पाहिली आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून २००१ साली झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. त्यांनी मुलांच्या गुणपत्रिका मागितल्या नव्हत्या.

आता आमचा स्वार्थ. गतवर्षी आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे एका शाळकरी गोलरक्षकाचा अर्ज आला होता. हातमोजे, बूट आणि स्पर्धेचे प्रवासभाडे, एवढीच त्याची मागणी. परीक्षेतील गुण कमी म्हणून अर्ज फेटाळला गेला. समितीत आम्हीही होतो, आणि आमचे मत नकाराचेच पडले. पुढे कळले की मुलाने खेळ सोडला. त्याचे गुण मात्र तेवढेच राहिले. तो चेंडू आमच्या हातून सुटला, बंधूंनो, आणि त्याचा दोष आम्ही दुसऱ्या कोणावर टाकू इच्छित नाही.

म्हणून विनंती एवढीच, की यंदाच्या निधीतील एक वाटा खेळणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा आणि त्याचा पहिला अर्ज त्या मुलाच्या घरी आम्ही स्वतः घेऊन जावा, अशी आज्ञा सभेने आम्हांस द्यावी.