अवचित येणारे भय
(केंद्रातील शिक्षक संमेलनात एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



या व्यासपीठावरून अध्यापनपद्धतीविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. मी आज शिक्षकाच्या एका दुखण्याविषयी बोलणार आहे. तो शिक्षक मीच आहे.

२०१६ सालच्या जुलैतील गोष्ट. चौथीच्या वर्गात मी फळ्यावर भागाकार मांडीत होतो. एकाएकी छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या आणि आपण आता मरणार अशी खात्रीच वाटली. हातातील खडू गळून पडला. दहापंधरा मिनिटांत सारे ओसरले. संध्याकाळी तालुक्याला जाऊन हृदयाचा आलेख काढविला, रक्त तपासविले. दोष काही निघाला नाही. पुढे मात्र असे झटके वरचेवर येऊ लागले. कधी बाजारात, कधी मध्यरात्री झोपेतून उठवून.

झटक्याने केले नाही इतके नुकसान झटक्याच्या धास्तीने केले. मी एस. टी.चा प्रवास सोडला, लग्नकार्ये सोडली. चटकन बाहेर पडता यावे म्हणून वर्गात दाराशी उभा राहून शिकवू लागलो. अखेर राजीनाम्याचा अर्ज लिहिला आणि तो खिशात घालून दोन महिने हिंडलो.

जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांनी मला जे समजावून दिले, ते येथे सांगतो. संकटसमयी पळण्यास किंवा लढण्यास शरीर स्वतःला सज्ज करते. राखणीचा कुत्रा चोर नसतानाही भुंकत सुटावा, तशी ही सज्जता कधी विनाकारण होते. श्वास जलद झाल्याने रक्तातील कर्बवायू घटतो. त्यामुळे मुंग्या येतात, भोवळ वाटते. त्यालाच आपण मृत्यूचे चिन्ह समजतो, भय वाढते आणि भयाने श्वास आणखी जलद होतो. हे चक्र डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली स्पष्ट करून मांडले. झटका साधारणतः काही मिनिटांतच शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप उतरतो.

मला औषधे दिली गेली, आणि विचार व वर्तन यांना वळण लावणारे उपचारही झाले. पहिला धडा असा, की जेथे झटका येईल तेथून पळावयाचे नाही. पळाल्याने भीतीचेच म्हणणे खरे ठरते. प्रथम मी एस. टी.ने एकच थांबा गेलो, मग दोन, आणि तीन महिन्यांनी जिल्ह्याच्या गावापर्यंत. झटका आला की सावकाश श्वास सोडावयाचा आणि ‘हे येते तसे जाते’ असे मनाशी म्हणावयाचे.

मी पूर्ण बरा झालो, असे म्हणणार नाही. गेल्या वर्षी परीक्षेच्या वेळी पुन्हा झटका आला. मी खुर्चीवर बसलो, मुलांना ‘लिहीत राहा’ म्हणालो आणि वर्गातच राहिलो. मुलांनी पेपर पुरा केला. मीही ती वेळ पुरी केली. राजीनाम्याचा अर्ज मी दिला नाही.

बंधुभगिनींनो, हे दुखणे आपल्या सहकाऱ्याला असेल, एखाद्या विद्यार्थ्यालाही असेल. त्याला भित्रा म्हणू नका; अंगात आले असेही म्हणू नका. शेजारी बसा, शांतपणे बोला. प्रथमच छातीत दुखले किंवा धाप लागली, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावीच. नंतर मात्र मुलाला कायमचे घरी बसवू नये. हळूहळू वर्गात रुळू द्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.

मी दोन महिने गप्प राहिलो, तेच दोन महिने सर्वांत कठीण गेले. आपल्यापैकी कोणी आज गप्प असेल, तर त्याने निदान एकाजवळ तरी मन मोकळे करावे, एवढ्यासाठीच हे बोललो.