गच्ची नसलेल्यांची सौरवीज

12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आठवा. दहाच्या सुमारास पारेषण यंत्रणेत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकाएकी गेली. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस, मुलांची शाळा मोबाइलवर, मोठ्यांचं ऑफिस लॅपटॉपवर. बाहेर ऑक्टोबरचं कडक ऊन तापलेलं होतं आणि घरात राउटरचा हिरवा दिवा विझला होता. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या कितीतरी वाड्यांमध्ये आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. तिथे लोकांची पहिली अडचण फोन चार्ज कुठे करायचा, ही होती.

उन्हापासून वीज बनते हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ती आपल्या घरात कशी आणायची, हा खरा प्रश्न. आपल्या मीरा-भाईंदरची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच आठ लाखांवर होती, आणि त्यातले बहुतेक लोक इमारतींत राहतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला 78,000 रुपयांचं अनुदान मिळतं, पण त्याला स्वतःचं छप्पर लागतं. चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेला कुठलं छप्पर? गच्ची सगळ्या सोसायटीची. शिवाय ग्रिडला जोडलेले साधे सौर संच वीज गेली की स्वतःहून बंद पडतात. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये म्हणून तशी सोय केलेली असते आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे गच्चीभर पॅनेल असलेल्या घरातही, बॅटरी नसेल तर, भरदुपारी अंधारच होतो.

म्हणून उचलून नेता येईल अशी, आपल्या हाताने जोडलेली छोटी सौर पेटी हा फ्लॅटमधल्या माणसाचा विषय आहे. तिला मीटरची परवानगी लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही. घर बदललं तर ती टेम्पोत चढते.

ती जोडायला बसणारे बहुतेक जण आधी सामान आणतात आणि नंतर हिशोब करतात. तिथेच पैसे वाया जातात. एक वही घ्यावी आणि लाइट गेल्यावर खरोखर काय चालायला हवं, ते लिहावं. राउटर 10 वॅटचा, आठ तास: 80 वॅट-तास. सात वॅटचे दोन दिवे, चार तास: 56. बारा व्होल्टवर चालणारा 15 वॅटचा छोटा पंखा, सहा तास: 90. दोन फोन मिळून 30. बेरीज 256 वॅट-तास. म्हणजे एका युनिटचा जेमतेम पाव हिस्सा! एवढ्याशा विजेवर एका कुटुंबाची रात्र निभावते. उलट 1000 वॅटची इस्त्री हीच वीज पंधरा मिनिटांत पिऊन टाकेल. इस्त्री, मिक्सर, गीझर यांचं नाव त्या वहीत येऊच नये.

आता बॅटरी. जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीची निम्मीच वीज वापरलेली बरी, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. आणि वजन असं की ‘उचलून नेता येणारी’ हा शब्दच खोटा ठरतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी, जास्त टिकणारी, आणि मोबाइलच्या लिथियम बॅटरीपेक्षा तापायला-पेटायला कितीतरी कमी धजावणारी. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत हे रसायन पुढे आलं, तेव्हा त्या कामात अक्षय पाढी हे भारतीय वंशाचे संशोधक आघाडीवर होते. त्यांचा शोधनिबंध 1997 चा. गुडइनफ यांना लिथियम बॅटऱ्यांवरच्या कामासाठी 2019 मध्ये नोबेल मिळालं. अशा एका सेलचा दाब 3.2 व्होल्ट. चार सेल एकापुढे एक जोडले की 12.8 व्होल्ट होतात, आणि 30 अँपिअर-अवर क्षमतेचे सेल घेतले की 384 वॅट-तास साठतात. आपल्या 256 ला हे पुरतं आणि थोडं शिल्लकही राहतं.

सेलवर बीएमएसची, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटची, पट्टी हवीच. चारांपैकी एकही सेल जास्त भरला किंवा फार उतरला, तर ती पुरवठा तोडते. कुठल्याशा जुन्या वाहनातून काढलेले सेल स्वस्त मिळतात. पण घरात, झोपलेल्या माणसांजवळ ठेवायच्या पेटीत ते घालू नयेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नवे सेल, कंट्रोलर, वायर सगळं मिळतं. घेताना दुकानातच मल्टीमीटर लावून चारही सेल सारख्या दाबाचे आहेत का, ते पाहून घ्यावं.

जोडणीत एक वस्तू काही रुपयांची असते आणि लोक तीच विसरतात: फ्यूज. बॅटरीच्या धन टोकापासून चार बोटांच्या आत तो बसला पाहिजे. तो नसताना या बॅटरीच्या दोन वायर चुकून एकमेकींना टेकल्या तर शेकडो अँपिअर वाहू शकतात. वायर लाल होते आणि तिचं प्लास्टिक वितळायला लागतं. आपला सगळा भार मिळून पाच अँपिअरच्या आसपास आहे. मग दहाचा फ्यूज लावावा, आणि वायर त्या फ्यूजपेक्षा जास्त प्रवाह सहज पेलणारी असावी. पॅनेलची वीज बॅटरीत बेताने भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल. बॅटरी किती व्होल्टची आहे ते कंट्रोलर आधी ओळखतो, मगच ऊन आत घेतो.

राहिलं पॅनेल, आणि मीरा रोडच्या माणसाची खरी परीक्षा इथेच आहे. 100 वॅटचं पॅनेल प्रयोगशाळेतल्या उन्हात 25 अंश तापमानाला 100 वॅट देतं. उन्हात ते साठ अंशांपर्यंत तापतं, आणि दर अंशामागे साधारण 0.4 टक्के वीज घटते. ते एक वेळ चालेल. सावली मात्र चालत नाही. आपल्याकडच्या खिडक्यांना बॉक्स ग्रिल असतात. त्या गजांच्या बोटभर सावल्या पॅनेलवर पडल्या की आत एका माळेत जोडलेले सेल अडतात आणि वीज निम्म्याहूनही खाली येते. दोरीवर वाळणारा एखादा टॉवेलसुद्धा तेवढंच नुकसान करतो.

त्यात ऋतूंचं गणित वेगळं. भाईंदर साधारण 19.3 अक्षांशावर. डिसेंबरात भरदुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून 47 अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं. मेच्या मध्यात तो थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅब आपल्या बाल्कनीवर छत्री धरतो. जूनमध्ये तर सूर्य दुपारी किंचित उत्तरेला सरकतो. म्हणजे जानेवारीत उत्तम चालणारी बाल्कनी पंख्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच कोरडी पडते! सहा-सात किलोचं पॅनेल सकाळी गच्चीवर नेऊन संध्याकाळी खाली आणायला सेक्रेटरींची परवानगी मागणं, हाच त्यावरचा सरळ उपाय. बाल्कनीबाहेर ते तारेने लटकवू नये. वाऱ्याने सुटलं तर खाली माणसं असतात.

सौर जोडणी आपल्या हाताने करता येते, हे पवईच्या आयआयटीने मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं आहे. प्राध्यापक चेतनसिंह सोलंकी यांच्या पुढाकाराने तिथे सौर दिव्यांचा प्रकल्प उभा राहिला. खेड्यापाड्यांतल्या महिलांनी सोल्डरिंग शिकून दिवे जोडले, ते मुलांच्या अभ्यासासाठी गेले, आणि बिघडले तर गावातच दुरुस्त होऊ लागले. राजस्थानातल्या डुंगरपूरला आदिवासी महिलांनी पॅनेल बनवण्याचा कारखानाच काढला. पुढे 2020 च्या अखेरीस सोलंकी सौरऊर्जेवर चालणाऱ्या बसमध्ये राहायला गेले. तिच्यावर 3.2 किलोवॅटची पॅनेल आणि आत सहा युनिट साठवणारी बॅटरी. उजेड, पंखा, स्वयंपाक, लिखाण सगळं तिच्यावर. आपली पेटी त्या बसचंच धाकटं भावंड.

भाईंदरच्या किनाऱ्यावर उत्तन, पाली, चौककडे पेटी ठेवायची तर एक काळजी जास्त. ज्या उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात तिथे दोऱ्यांवर बोंबील वाळतात, तोच वारा तांब्याची तार हिरवी करतो. कल्हई केलेली तार, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, जोडांवर पेट्रोलियम जेलीचा हात. पावसाळ्याआधी एकदा सगळे जोड उघडून पाहावेत. पॅनेलवरची मिठाची पापडी आठवड्याला गोड्या पाण्याने धुवावी.

पेटी तयार झाली की पहिल्या संध्याकाळी सगळे मीटरकडे बघतात. तो 13.3 दाखवतो. दिवे, पंखा लावूनही तासा-दोन तासांनी आकडा जवळपास तोच असतो, आणि लोकांना वाटतं बॅटरी संपतच नाही. या रसायनाचा दाब शेवटापर्यंत जवळजवळ सपाट राहतो, मग शेवटी एकदम कोसळतो. म्हणून व्होल्ट नव्हे, वॅट-तास मोजणारा छोटा मीटर पेटीच्या झाकणावर बसवावा. तो रोज रात्री पाहून आकडा त्याच वहीत, पहिल्या हिशोबाच्या शेजारी, लिहून ठेवावा.