मदुराईचं भिंग

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवतात ते भिंग जेमतेम ६ मिलिमीटरचं. कडेला दोन बारीक मिशा, त्याच त्याला जागेवर धरून ठेवतात. १९८०च्या दशकात हा इवलासा ऐवज परदेशातून यायचा, तोही शंभर डॉलरच्या घरात. साहजिकच गरीब रुग्णाच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा यायचा.

मदुराईत १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. त्याच परिवारात १९९२ मध्ये भिंगं बनवणारी ऑरोलॅब उभी राहिली आणि भिंगाची किंमत दहा डॉलरच्या आसपास आली. आज हे भिंग शंभरहून अधिक देशांत जातं.

आता मागणी वाढतेय ती घडी घालून बारीक छेदातून सरकवायच्या भिंगांना. टाका घालायची गरजच सहसा पडत नाही. भिंगांखेरीज तपासणीची यंत्रंही देशात बनतायत. मधुमेहींच्या डोळ्यांचा पडदा तपासायला बंगळुरूच्या फोरस हेल्थने सुटसुटीत कॅमेरा आणला, तर रेमिडिओने चक्क स्मार्टफोनच कामाला लावला. शिबिरातल्या लाकडी टेबलावरही मावतील अशी ही यंत्रं!

महागडी यंत्रं मात्र अजून बहुतांशी जर्मनी, अमेरिका, जपानकडूनच येतात. शिवाय दरवर्षीच्या देखभालीचं बिल वेगळंच. तालुक्याचा डॉक्टर आधी त्याचा हिशेब मांडतो.