नजरी नकाशा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकड्यांशी माझं कधी फारसं जमलं नाही. बी.ए. झालो, कारकून झालो आणि उरलेल्या वेळात मराठीतून कविता लिहीत राहिलो. पण २०१०-११ साली सरकारनं मला माणसं मोजायला पाठवलं. जनगणनेचं काम शिक्षक आणि कारकून मंडळींना लागतं, तसं ते मलाही लागलं. बीड शहराच्या कडेची एक सुखवस्तू कॉलनी माझ्या वाट्याला आली. आज त्या कॉलनीबद्दल बोलणार आहे. तिचं नाव मात्र सांगणार नाही. जनगणनेत घरोघरची माहिती गोळा होते, ती १९४८ च्या कायद्यानं गोपनीय असते. आणि नाव सांगायची तशी गरजही नाही. अशी एक तरी कॉलनी तुमच्याही गावाच्या कडेला असेलच.

मोजणीच्या आधी प्रगणकाला आपल्या गटाचा नकाशा काढावा लागतो. मोजपट्टी लावून नव्हे, नजरेच्या अंदाजानं. म्हणून त्याला नजरी नकाशा म्हणतात. रस्ता, नाला, देऊळ, विहीर, घरं. बस्स. मी कोरा कागद घेऊन कॉलनीच्या कमानीखाली उभा राहिलो. मे महिना होता. ऊन मी म्हणत होतं. आधी काय काढावं या विचारात असताना लक्षात आलं, की मी चढ चढून आलोय.

बीडकरांना हा चढ ठाऊक आहे. बालाघाटच्या डोंगरातून बिंदुसरा निघते, शहराच्या मधून वाहते आणि पुढं सिंदफणेला मिळते. सिंदफणा गोदावरीला जाते. जुनं बीड या बिंदुसरेच्या काठी वसलेलं. अरुंद गल्ल्या, मातीची धाबी, मशिदी, देवळं, एकमेकांना खेटून उभी घरं. पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं मंदिर आणि जुन्या वेशी याच मुलखातल्या. माझं घरही तिथलंच. एरवी बिंदुसरा म्हणजे वाळू आणि वेडी बाभळ. पण जुलै १९८९ मध्ये ती अशी काही आली, की काठचे मोहल्ले पाण्यात गेले, माणसं वाहून गेली. आम्ही एक रात्र शेजाऱ्याच्या गच्चीवर काढली. पाणी ओसरल्यावर अम्मीनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर चुलीतला गाळ काढला.

त्या पुरानंतर ज्यांच्या हातात चार पैसे होते, त्यांची नजर वरच्या अंगाला गेली. आमच्या ओळखीचे बरेचजण तिकडं सरकले. यात नवल नाही. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच ट्रस्टनं पुढं दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागेत रुंद रस्ते आखले, भूखंड पाडले. तिथल्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातूनच उभ्या राहिल्या. म्हणजे कॉलनी ही कल्पनाच मुळी गर्दीच्या आणि रोगाच्या भीतीतून आली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सिडकोची आखीव वस्ती झाली. आमच्या मराठवाड्यातल्या नोकरदारानं ती पाहिली आणि आपल्याही गावात असं काही असावं, असं त्याला वाटू लागलं.

बीडमध्ये त्याची सुरुवात शेतात खुंट्या ठोकण्यानं झाली. एका एकरात चाळीस गुंठे, गुंठ्यात १०८९ चौरस फूट. शेत एन.ए. झालं, म्हणजे अकृषिक झालं, की ले-आउट पडतो, भूखंडांना नंबर येतात. दहावा हिस्सा जागा मोकळी सोडावी लागते. त्या मोकळ्या जागेत कालांतरानं एक देऊळ येतं आणि सिमेंटचे दोन बाक येतात. माझ्या नकाशातल्या कॉलनीत हे सगळं होतं. शिवाय एक विहीर होती. कधी काळी तिच्यावर मोट चालत असणार, कारण थारोळ्याचा दगड अजून जागेवर होता. आता विहिरीवर लोखंडी जाळी होती आणि जाळीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या.

पाण्यावरून आठवलं. शहराबाहेर काही किलोमीटरवर आपली खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतली. तिचं पाणी भुयारी वाटेनं शेतांना जात आलं. म्हणजे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी या कमी पावसाच्या मुलखात कोणीतरी विचार केला, की पाणी एकाच्या दारात न ठेवता खालच्या सगळ्या शेतांपर्यंत न्यावं. कॉलनीत मात्र प्रत्येक अंगणात स्वतंत्र बोअर. ज्याचा बोअर खोल, त्याची बाग हिरवी. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, ते दोन्हीकडं सारखंच. पण त्यांच्याकडं ते साठवायला टाक्या होत्या आणि आमच्याकडं घागरी.

नकाशा झाला. मग घरांना नंबर देत निघालो. इथं एक खाजगी गोष्ट सांगतो. १९९८ च्या सुमाराला मीही याच कॉलनीत प्लॉट घ्यायला गेलो होतो. फंडातले पैसे आणि बायकोचे दागिने मिळून रकमेची जुळवाजुळव झाली होती. मध्यस्थ चांगलं बोलला. चहा पाजला. कागदावर लिहायला म्हणून त्यानं माझं पूर्ण नाव विचारलं, ते सांगितलं, आणि तो म्हणाला, “उद्या येता का शेखभाई?” दुसऱ्या दिवशी सगळे प्लॉट बुक झालेले होते. पुढं कित्येक वर्षं मी त्या रस्त्यानं जायचो तेव्हा त्या बुक झालेल्या प्लॉटवर बाभळी वाढलेल्या दिसायच्या. २०१० मध्ये मात्र तिथं घर झालं होतं. त्या घराच्या चौकटीवर जनगणनेचा नंबर मीच लिहिला. घरच्या बाईंनी पाणी दिलं. माझं ओळखपत्र वाचून म्हणाल्या, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” मी म्हटलं, “ताई, तुमचंही छान आहे.” त्या मनापासून हसल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही सांगतो.

आता माणसांकडं येतो.

फेब्रुवारी २०११ मध्ये, ९ ते २८ तारखेच्या दरम्यान, आम्ही शिरगणतीसाठी पुन्हा फिरलो. त्या अर्जात जन्मस्थळ विचारलेलं होतं, स्थलांतराचं कारणही होतं. मी घरामागून घर लिहीत गेलो आणि चकित होत गेलो. या आखीव कॉलनीत जन्मलेलं मोठं माणूस जवळपास नव्हतंच. कोणी पाटोद्याकडचा, कोणी केजचा, कोणी धारूरच्या डोंगरातला, कोणी वडवणीचा. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, गुत्तेदार. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितलं, “लिहा शेखसाहेब, बाप ऊसतोड कामगार. लपवायचं काय त्यात?” त्यांच्या बंगल्याचं नाव ‘मातोश्री’. आत भिंतीवर आईचा एकच फोटो, तोही रेशनकार्डावरून मोठा केलेला. मला तोवर वाटायचं, ही कॉलनी म्हणजे पिढीजात श्रीमंतांची जागा. ती तर एका पिढीपूर्वी कोरडवाहू रानातून निघालेल्या माणसांची वस्ती होती.

आणि तरी घरं रिकामी होती. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला, धाकटा परदेशात. चार खोल्यांच्या घरात दोन म्हातारी माणसं. काही दारांना चक्क कुलूप. “ते ना, पोराकडं गेलेत, उन्हाळ्यात येतील,” असं शेजारी सांगायचे.

कॉलनी लहान. एका प्रगणकाकडं साधारण सहाशे-साडेसहाशे माणसांचा गट असायचा. तेवढी भरती कॉलनीत होईना, म्हणून नाल्यापलीकडची पत्र्याची घरंही माझ्याच गटात होती. तिथं गेलो, तर तिथंही कुलपं. “कुठं गेले?” एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, “कारखान्याला.” बस्स, बीड जिल्ह्यात एवढं उत्तर पुरतं. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन इथून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसाचं नावच हत्यारावरून.

जनगणनेचा नियम असा होता, की मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नाही, त्याला घरी मोजायचं नाही. जिथं सापडेल तिथं मोजायचं. म्हणून माझ्या वहीत दोन्हीकडची कुलपं सारखीच पडली. पण दोन कुलपांत फरक होता. कॉलनीतलं कुटुंब जिथं गेलं, तिथं त्याला दार होतं, दारावर नंबर होता. तिथला प्रगणक बेल वाजवणार होता. पत्र्याच्या घरातलं कुटुंब मात्र उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत. तिथं कोण पोचलं, कोण नाही, मला कसं कळणार? जिल्ह्याची लोकसंख्या जाहीर झाली, २५ लाख ८५ हजार ४९. बीड शहराची १ लाख ४६ हजार ७०९. हे आकडे मी जपून ठेवलेत. पण जिल्ह्याचा आकडा वाचताना ती म्हातारी आठवते. त्या घरातले फक्त ती आणि तिचा नातू एवढेच माझ्या वहीत आहेत.

आणखी एक. जनगणनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसं. एका बंगल्याच्या मागं पत्र्याच्या खोलीत राखणदार, त्याची बायको आणि दोन मुली राहायच्या. बंगल्याचा सगळा स्वयंपाक तीच बाई करायची, आणि मग स्वतःच्या चुलीवर भाकरी थापायची. मालक म्हणाले, “ते काय, आमच्यातच धरा की.” म्हणायला प्रेमळ. पण चुली दोन होत्या, म्हणून मी कुटुंबं दोन लिहिली. खोलीच्या दारावर वेगळा नंबर टाकला, तेव्हा थोरली मुलगी तो बराच वेळ बघत राहिली.

मुलींचा विषय निघाला म्हणून शेवटची गोष्ट. सहा वर्षांपर्यंतची मुलं लिहिताना माझं पेन मुलग्यांच्या रकान्यात जास्त चाललं. तेव्हा वाटलं, योगायोग असेल. मग जिल्ह्याचा आकडा आला. दर हजार मुलग्यांमागे मुली ८०७. राज्यात सर्वांत कमी. २००१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात हे प्रमाण ८९४ होतं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, तरी हे झालं. दहा वर्षांत रस्ते झाले, बंगले झाले, दवाखाने झाले, यंत्रं आली, आणि मुली घटल्या. हे बंगल्यांचंच पाप, असं मी म्हणणार नाही. वाडीवर, तांड्यावर आणि आमच्या मोहल्ल्यातही हाच हिशेब चालत होता. पण अडाणीपणामुळं असं होतं, ही माझी समजूत मात्र त्या कॉलनीत मोडली. तिथं अडाणी कोणीच नव्हतं. पुढं २०१२ मध्ये परळीचं प्रकरण देशभर गाजलं, कारवाया झाल्या, आणि नंतरच्या वर्षांत मुलींचं प्रमाण सुधारल्याच्या बातम्याही आल्या. त्या वाचून बरं वाटलं. पण ज्या मुली जन्मल्याच नाहीत, त्यांच्यासाठी कुठल्याच वहीत रकाना नसतो.

२०२१ ची जनगणना कोरोनामुळं लांबली ती लांबलीच. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे बीडसाठी शिरगणती पुन्हा ऐन ऊसतोडणीच्या हंगामात. या वेळी जातही लिहिली जायची आहे. गावाबाहेर पुन्हा खुंट्या ठोकल्या जात आहेत. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला रेल्वे आली, तेव्हापासून तर जरा जास्तच.

मी अजून जुन्या घरातच आहे. त्याची आता खंत नाही. कधी कधी संध्याकाळी फिरत त्या कमानीपर्यंत जातो. मुख्याध्यापक गेले. ‘मातोश्री’ला कुलूप आहे. राखणदाराची खोली पाडून तिथं मोटारीसाठी शेड केलीय. नंबर टाकलेलं दार कुठं गेलं, कोण जाणे.

श्रोतेहो, मोजणी करणारा माणूस तुमच्या दारात येईल तेव्हा त्याला पाणी द्यालच. तेवढ्यात मागच्या खोलीतल्या माणसांनाही हाक मारा. त्यांची नावं त्यांनाच सांगू द्या. आणि तुमच्या गावातलं कोणी कारखान्याला गेलेलं असेल, तर त्याला फोन करून एवढंच विचारा, “तुझ्या कोपीवर कोणी आलं होतं का रे मोजायला?”