जन्मखूण, ग्रहण आणि लेसर किरण
(व्याख्यानाची संहिता)



नवजात बालकाच्या गालावर वा कपाळावर तांबडा डाग दिसला, की सातारा-सांगलीकडील अनेक घरांत प्रथम मातेलाच विचारले जाते, "ग्रहण पाळले नव्हते काय?" हा दोषारोप सर्वस्वी निराधार आहे.

असे डाग मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला 'पोर्ट-वाइन स्टेन'. तो हजार बालकांपैकी सुमारे ३ जणांत आढळतो. त्वचेतील केशवाहिन्या रुंदावल्याने तो जन्मतःच दिसतो, आपोआप जात नाही आणि वयानुसार गडद होतो. गर्भावस्थेत एखाद्या पेशीतील 'जीएनएक्यू' जनुकात झालेला आकस्मिक बदल हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे २०१३ साली सिद्ध झाले. हा बदल माता-पित्यांकडून येत नाही. त्यामुळे विवाह ठरविताना कन्येचा असा डाग पुढील पिढीत उतरेल, ही भीतीही सहसा व्यर्थ ठरते. मात्र कपाळ वा पापणीवर डाग असल्यास नेत्र व मेंदूची तपासणी अगत्याची आहे.

दुसरा प्रकार 'हिमॅन्जिओमा'. तो जन्मानंतर काही आठवड्यांत उमटतो, पहिल्या ५-६ महिन्यांत झपाट्याने वाढतो व पुढे काही वर्षांत ओसरतो. परंतु तो डोळा, नाक वा ओठांजवळ असल्यास विलंब घातक ठरतो. २००८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी त्यावर प्रोप्रॅनोलॉल या औषधाचा गुण दाखवून दिला. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते.

आता लेसरविषयी. नीरा नदीपलीकडील बारामतीत १९३८ साली जन्मलेले आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले डॉ. कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला, हे आपणां सर्वांस अभिमानास्पद आहे. त्याचा किरण त्वचेतील पाण्यात शोषला जातो, म्हणून तो शस्त्रासारखा कापतो. तांबड्या डागास निराळा किरण लागतो. योग्य रंगाचा प्रकाश अत्यल्प काळ सोडल्यास केवळ लक्ष्यच तापते, हे तत्त्व अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ साली मांडले. त्यानुसार ५८५ वा ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते, सदोष वाहिन्या बंद होतात व भोवतालची त्वचा बहुतांशी सुरक्षित राहते.

आपल्या सावळ्या त्वचेतील रंगद्रव्यही हा प्रकाश काही अंशी शोषते. म्हणून त्वचा थंड ठेवणे, अल्प भागावर चाचणी घेणे व नंतर उन्हापासून जपणे आवश्यक ठरते. उपचाराच्या अनेक बैठका लागतात. डाग बहुधा फिकट होतो. समूळ जाईलच असे नाही. एका बैठकीत डाग नाहीसा करण्याच्या जाहिरातींना कोणीही भुलू नये.

बालकास डाग देणे वा झाडपाल्याचे लेप लावणे कटाक्षाने टाळावे. मिरज व कराड येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील त्वचारोगतज्ज्ञांकडून पहिल्या दोन महिन्यांतच निदान करून घ्यावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्या मातेच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच नम्र विनंती.