हातानं केलेल्या जटा आणि काकूंची जट

(सडक अर्जुनी येथे प्रभागसंघाच्या सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेले भाषण)



मला भाषण देता येत नाही. गटाचं रजिस्टर लिहिता येतं आणि दोन वर्षांपासून नकली जटा करता येतात. त्याबद्दलच सांगते.

दिवाळी झाली की आपल्या इकडे गावोगावी मंडई भरते. दंडार असते, नाटक असते. वडसाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत फिरत असतात. मग महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा. शंकर आला, ऋषी आला, साधू आला म्हणजे जटा आल्याच. आमच्या गटातल्या पाच जणींनी ठरवलं, धानाच्या कामातून सवड मिळेल तसं हे काम घरी करू. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि गंगावनाला लागतात तसे नकली केस आणले.

पहिल्याच वेळी चुकलो. जटेचा पीळ सुटू नये म्हणून टोकं मेणबत्तीवर धरली. केस वितळून टोकाला कडक गाठ झाली. आम्हाला वाटलं, पक्कं झालं. पण दंडारीतल्या पोट्ट्यांच्या मानेला ती टोकं काट्यासारखी लागली आणि अर्ध्या जटा परत आल्या. माझ्या बोटाला वितळलेला थेंब चिकटला, त्याचा डाग अजून आहे. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. तो आम्ही मजुरीच्या पैशातून भरला.

आता कसं करतो ते ऐका. पेन्सिलीएवढी जाड बट घ्यायची. मधोमध दुमडून खिळ्याला अडकवायची. बारीक दातांच्या कंगव्यानं उलटं विंचरायचं, म्हणजे टोकाकडून वर. केस फुगतात, एकमेकांत अडकतात. मग दोन्ही तळहातांत धरून एकाच दिशेनं घासत पीळ द्यायचा, आणि खालचं टोक दोऱ्यानं घट्ट बांधायचं.

आता पक्कं करायचं. गंजात पाणी उकळा, शेगडी बंद करा आणि गंज खाली ठेवा. जट चिमट्यानं धरून पाण्यात बुडवा, दहापर्यंत मोजा, बाहेर काढा. पीळ तसाच ठेवून दोरीवर टांगा. खाली छोटा दगड बांधला तर जट सरळ राहते. पूर्ण वाळल्याशिवाय दोरा सोडू नका. गरम असताना नकली केस ज्या आकारात असतो, थंड झाल्यावर तोच आकार धरतो. एवढंच त्यातलं गुपित आहे. सगळाच माल सारखा नसतो, म्हणून आधी एकच बट करून पाहा. पीळ टिकला तरच पुढचा माल घ्या. लोकरीच्या जटा करत असाल तर गरम पाण्याची गरज नाही, पीळ देऊन टोकाला गाठ मारली की झालं.

तयार जटा कापडी टोपीवर ओळीनं शिवा. घालायला सोपं, काढायला सोपं.

तीन गोष्टी विसरू नका. एक, जाळावर काही वितळवायचं नाही. त्याचा धूर विषारी असतो. दोन, काम करताना नायलॉनची साडी नको, सुती नेसा, आणि लेकरं लांब ठेवा. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा. टूथपेस्ट लावू नका, चिकटलेलं ओढून काढू नका, दवाखान्यात जा. तीन, टोपी देताना घेणाऱ्याला सांगा की आरती, कापूर, मशाल यांच्यापासून ही लांब ठेवायची.

आणि हिशेब. समजा एका टोपीला ३० जटा लागतात आणि एका जटेला १० मिनिटं. म्हणजे ५ तास झाले. आम्ही पहिल्या वर्षी केसांचे पैसे धरले, ५ तास धरलेच नाहीत. काहून? घरी बसून केलं म्हणून? वावरात ५ तास गेलो तर मजुरी मागतोच ना. भाव सांगताना माल, मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं, तिन्ही लिहा.

आता जे सांगायला खरं उभी राहिले ते सांगते.

आमच्या गटात एक काकू आहेत. त्यांच्या डोक्यात जट होती, खरी, कमरेपर्यंत. एका दुपारी आम्ही ओसरीत बसून उलटं विंचरत होतो, घासत होतो. काकू बाजूला बसून पाहत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बाई, मला तर वाटे ही देवीनं दिली. तुम्ही तर एका दुपारी बारा केल्या."

कोणी हसलं नाही. मग काकूंनी सांगितलं. बाळंतपणानंतर ताप आला, कित्येक दिवस खाटेवर होत्या. डोक्याला ना तेल, ना कंगवा, ना पाणी. केस गुंतले. कोणीतरी म्हटलं, जट आली, कापाल तर मालकाचं बरंवाईट होईल. त्या भीतीत सारी उमर गेली. मान दुखे, उवा होत, रात्री एकाच कुशीवर झोपावं लागे.

तायांनो, आम्ही हातानं जे करतो तेच त्यांच्या डोक्यात आपोआप झालं होतं. केस केसावर घासला की गुंततो. वर घाम, धूळ, तेल बसलं की गुंता घट्ट होतो. तेच न विंचरता ठेवलं की जट. त्यात देवीचा कोप नाही आणि बाईचा दोषही नाही. दक्षिण महाराष्ट्रात, कर्नाटकात अशी जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं मानून कित्येक पोरी देवीला सोडल्या गेल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायांना समजावून जटा काढतात. पुण्याच्या नंदिनी जाधव या आधी ब्यूटी पार्लर चालवत, आता त्या गावोगाव जाऊन हेच काम करतात.

आम्ही काकूंना आग्रह केला नाही. मंडईनंतर त्याच म्हणाल्या, "काढून टाका." घरच्यांना आधी सांगितलं. काकांनी स्वतः पाणी तापवून दिलं. हळूहळू, थोडी थोडी करत कात्रीनं कापली. दोन बोटं केस उरले. काकूंनी मान इकडून तिकडे फिरवून पाहिली आणि रडल्या. काका आज ठणठणीत आहेत, परवाच वावरात भेटले.

तुमच्या गावात अशी कोणी असेल तर तिच्या डोक्याला जबरदस्तीनं हात लावू नका. तिची भीती खरी असते. तिच्याजवळ बसा, एखादी नकली जट तिच्यासमोर करून दाखवा, आणि ती हो म्हणेल त्या दिवशी तिच्यासोबत राहा. आमच्या काकू यायला तयार आहेत. त्या आज इथे मागच्या रांगेत बसल्या आहेत, आणि डोक्यावर पदर नाही, पाहून घ्या.

ज्यांना जटा शिकायच्या आहेत त्यांनी आपल्या ग्रामसंघात नाव द्या. येताना बारीक कंगवा आणि चिमटा आणा, गंज आमच्याकडे आहे.